वऱ्हांड्यापासून चर्चच्या दारापर्यंत

पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, घरात सामान बांधायची यादी फाडून टाकायची नसते. माझी यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असते. वरच्या भागात आधी निघणारं सामान, म्हणजे कूलर, पंखे, पुस्तकांची खोकी. खालच्या भागात शेवटी निघणारं, म्हणजे गॅस, बाबांची खाट, बाबांची खुर्ची आणि बाबांचा रेडिओ. कोणी विचारलं की तुमच्या कुठेकुठे बदल्या झाल्या, तर मला गावांबरोबर तिथे काय फुटलं तेही आठवतं. परतवाड्याला आरसा, धामणगावला मिक्सरचं भांडं. अमरावतीला येताना सामान सगळं धड आलं. मोडले ते बाबा.

बाबा म्हणजे माझे सासरे. मिशनच्या शाळेत मास्तर होते. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले ते धामणगावच्या घरात, पण ते घर त्यांनी डोळस असताना पाहिलेलं होतं, त्यामुळे कुठे उंबरा, कुठे मोरी, हे त्यांच्या अंगात होतं. अमरावतीचं घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आल्या आल्या दाराच्या कडेवर कपाळ आपटलं, मग वऱ्हांड्याच्या पायरीवरून पडले. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर म्हणाले, "बाई, आता मले उठवू नको." आणि खरंच उठले नाहीत. जवळजवळ वर्षभर खाटेवर होते. मी कुशी बदलायची, पाठीला पावडर लावायची. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण असेच पडून राहिले तर पाय जातील, आणि पायांमागून बाकीचं जायला वेळ लागत नाही.

शेवटी मी बाजारातून नायलॉनची जाड दोरी आणली. वऱ्हांड्याच्या खांबाला एक टोक बांधलं, मधे कडुनिंबाला वेढा दिला आणि दुसरं टोक चर्चच्या बाजूच्या दाराच्या कडीला बांधलं. पायरी आली की दोरीला एक गाठ, झाड आलं की दोन. आधी माझा हात धरून, मग एकटे, बाबा त्या दोरीवरून चालायला लागले. रोज सकाळी चहा झाला की दोरी धरून चर्चमध्ये जायचं, पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं प्रार्थना करायची आणि जेवायच्या वेळेला परत यायचं. अंगणात नव्यानं येणाऱ्याला वाटायचं, कपडे वाळत घालायची दोरी आहे. मी तिच्यावर कधी रुमालही वाळत घातला नाही.

हे सगळं नीट बसलं, आणि आमचे बिशप निवृत्त होणार अशी बातमी आली.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बिशप म्हणजे सगळ्या धर्मप्रांताचा प्रमुख. पाळकांच्या बदल्या त्याच्या सहीनं होतात. त्याला निवडतं कौन्सिल, म्हणजे गावोगावच्या मंडळ्यांचे, चर्चच्या सभासदांचे, पाळक आणि प्रतिनिधी, मतदान करून. पण मला बिशप व्हायचंय असं कोणी म्हणायचं नसतं. पद मागायचं नाही, बोलावणं यावं लागतं, असा आमचा रिवाज आहे. नाव लोकांनी सुचवायचं, आणि ज्याचं नाव त्यानं 'प्रभूची इच्छा असेल तर' असं म्हणून खाली सही करायची. कोणी मतं मागितल्याचं उघड झालं तर नाव बाद. त्यामुळे ज्यांना व्हायचं असतं ते मागत नाहीत, नुसते भेटतात. ज्या घरी माणूस गेला तेव्हा फोनही केला नव्हता, त्या घरी वर्षाच्या स्मरणसभेला हजर राहतात. दूरच्या मंडळीत उपदेशाला बोलावणं यावं अशी सोय करतात. त्या वर्षी उन्हाळा लागायच्या आतच आम्हाला नाताळासारखे फोन यायला लागले.

हरलेल्याला कोणी शिक्षा करत नाही. त्याच्या सेवेची गरज फक्त दुसरीकडे निघते. मागच्या निवडीत एक पाळक हरले होते. पावसाळ्याच्या आत त्यांची गरज सेमाडोहच्याही पुढे, मेळघाटात निघाली. त्यांच्या बायकोचा मला कधीमधी फोन यायचा. एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तरच रेंज मिळते, म्हणायची. जागा वाईट नाही, लोक मायाळू आहेत, पण दवाखाना लांब आहे. एवढं बोलून ती फोन ठेवायची, आणि मी माझ्या खिडकीतून दोरीकडे बघायची.

म्हणून धामणगावची चार मोठी माणसं आमच्या घरी येऊन बसली आणि ह्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागली, तेव्हा चहाची पातेली गॅसवर ठेवताना माझं लक्ष बाहेरच्या आवाजांकडे होतं. ते गेल्यावर मी ह्यांना सरळ विचारलं.

"काय म्हणत होते?"

"नाव देतो म्हणत होते."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी माझं नाव थोडीच देऊन राहिलो? लोक देऊन राहिले."

"लोक नाव देतील अन् आपापल्या घरी जातील. ट्रक आपल्या दारात लागेल."

"तू काहून आधीच घाबरून राहिली? निवडून आलो तर?"

निवडून आले तरी बिशपचं घर दुसऱ्या शहरात होतं. म्हणजे बदली होतीच. मी ते बोलून दाखवलं. ह्यांनी टेबलावरचे कप गोळा केले. मग म्हणाले, "बिशपच्या घरी नोकर असतात. बाबाले कोनी बी हात धरून नेईल." बाबांना हात धरून नेलेलं चालत नव्हतं, हे ह्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. कोणी दंडाला धरलं की ते जागच्या जागी थांबायचे. पण ह्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी असं काही बघितलं की पुढे बोलले नाही. ह्यांना ते पद हवं होतं. पंधरा वर्षांच्या संसारात ह्यांना स्वतःसाठी काही हवं असलेलं मी पाहिलं नव्हतं, साधा शर्टसुद्धा मी आणायची. मला मेळघाटापेक्षाही त्या चेहऱ्याची जास्त भीती वाटली.

सही झाली. नावं जाहीर होईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं, आणि मुख्य म्हणजे अकोल्याला कळू द्यायचं नाही. अकोल्याचे पाळक वयानं आणि मानानं मोठे होते. अर्धं कौन्सिल त्यांनी लग्नं लावलेल्या आणि बाप्तिस्मा दिलेल्या माणसांचं होतं. त्यांचं नाव येणार हे सगळे धरूनच चालले होते. आपल्याविरुद्ध कोण उभं राहतंय हे त्यांना आधी कळलं तर त्या माणसाच्या मागचे लोक एकेक करून भेटीगाठींत विरघळतात, असा अनुभव होता. बाबांना आम्ही काही सांगितलं नाही. ते आमच्या शेजारच्याच खोलीत असायचे आणि त्यांचे कान चांगले होते, ह्याचा विचार दोघांपैकी एकानंही केला नाही.

अकोल्याचे पाळक आणि त्यांची बायको एका सकाळी न कळवता आले. हातात शेगावच्या कचोऱ्यांची पिशवी. "इकडे एका लग्नाला आलो होतो, म्हटलं वहिनींच्या हातचा चहा घेऊन जावं," ते म्हणाले. लग्नसराई होती, खरंही असेल. बाहेर ते आणि हे बसले, चर्चच्या छपराचं, पाण्याच्या टाकीचं बोलत. आत त्यांची बायको माझ्याबरोबर ओट्यापाशी उभी राहिली. माझ्यापेक्षा मोठी, शांत, बशा न विचारता पुसायला घेणारी.

"ताई, अंगणातली दोरी कपड्यांची नाही वाटत," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं. बाबांचं खाटेवरचं वर्षही सांगितलं, गाठी कुठे आणि कशाला तेही. ती ऐकत होती. मग बशी पुसता पुसता, वर न बघता म्हणाली, "अन् तुमच्या इकडे काय ठरलं?"

"कशाचं?"

"त्याचंच. सगळीकडे तेच चालू आहे ना."

"आमचं काय ठरायचं," मी म्हटलं. "आम्ही आपले इथे बरे आहोत."

"बरं आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे तर घरात दुसरा विषय नाही. झोप नाही त्यांना." आणि लगेच, आपण जास्त बोललो असं वाटून, कचोऱ्या ताटलीत मांडायला लागली.

निघायची वेळ झाली. आमच्या घरांमध्ये पाहुणा प्रार्थनेशिवाय उंबरा ओलांडत नाही. खरं तर यजमान म्हणून ह्यांनी करायची, पण पाहुण्यांनी मान दिला. "बाबा आहेत ना घरात? मग बाबांनीच करावी."

बाबांना प्रार्थनेला सांगायचं सगळे टाळायचे. रविवारी तर चर्चच्या कमिटीनं ते केव्हाच बंद केलं होतं, कारण बाबा देवाला घरातलं सगळं सांगायचे. कोणाला जुलाब झाले, कोणाचा मुलगा नापास झाला, कोण कोणाशी बोलत नाही. सांगताना नावं घ्यायचे. आणि प्रार्थना एकदा सुरू झाली की ती मधे कोणी तोडत नाही. फोन वाजू दे, दूध उतू जाऊ दे, आमेन होईपर्यंत डोळे मिटून उभं राहायचं.

मी बाबांना खुर्चीपाशी आणून उभं केलं. पाहुण्यांच्या बायकोनं माझा हात धरला, आमच्यात बायका धरतात तसा. बाबांनी घसा साफ केला.

"हे बापा, आज अकोल्याचे पाळकसाहेब आले, त्याईच्या बाई आल्या. कचोऱ्या आनल्या. तुझी स्तुती असो. बापा, ते जे विचाराले आले होते ते त्याईनं विचारलं नाही. अन् आमीही सांगतलं नाही. आमच्या पोराचं नाव धामणगाववाल्यायनं देलं हाये, त्यानं सही बी केली. तुले तं सगळं माहीत हाये, पन मी सांगून ठेवतो."

मी डोळे उघडले. माझ्या हातातला हात हलला नाही, पण घट्ट झाला.

"माह्या सुनेले भेव हाये. रांधता रांधता तिचा हात थांबते, मले आयकू येते. तिले वाटते का पोरगा हरला तं बदली होईन, अन् बुढा पुन्हा खाटेले लागन. बुढ्याचं बुढा पाहीन. तू तिचं भेव काढ. पाहुन्याले बी भेव हाये, त्याईच्या बोलन्यावरून समजते. ज्याले खुर्ची देशीन त्याले अक्कल दे. ज्याले नाही देशीन त्याले झोप दे. अन् आज आमच्या घरात पाहुन्याशी लबाडी झाली, तिची माफी कर. आमेन."

आमेन फक्त बाबांचंच झालं. ह्यांची मान खाली होती. अकोल्याच्या पाळकांचे डोळे अजून मिटलेलेच होते, चेहरा अगदी गुळगुळीत, त्यावर काही वाचता येत नव्हतं. मग ते हळूच "आमेन" म्हणाले, बाबांचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांना सलाम केला आणि गाडीत जाऊन बसले. त्यांची बायको जाताना एवढंच म्हणाली, "कचोऱ्या आजच संपवा, उद्या मऊ पडतील."

गाडी फाटकाबाहेर पडली तसे हे बाबांसमोर उभे राहिले. ह्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

"बाबा, काहून सांगतलं तुमी हे?"

"मी कोनाले सांगतलं?"

"अकोलेवाल्याले!"

"मी बापाले सांगतलं," बाबा म्हणाले. "तो बाजूले उभा होता त्याले मी काय करू?"

दुसऱ्या दिवसापासून घरात भीती येऊन बसली. धामणगावच्या चौघांपैकी एकानं फोन उचलणं बंद केलं. दुसरा म्हणाला, पोराच्या लग्नाची गडबड आहे. मी ह्यांना म्हटलं, नाव मागे घ्या. "आता घेतलं तर भेलो म्हणतील," हे म्हणाले. "अन् भेलो नाही का आपण?" मी विचारलं. त्याचं उत्तर रविवारच्या उपदेशात दिसायला लागलं. आधी हे मोकळं बोलायचे, कोणाला टोचलं तर टोचू दे म्हणायचे. आता प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी पुसून घेतल्यासारखं यायचं. एक बाई मला चर्चबाहेर म्हणाली, "साहेबांची तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, उन्हामुळे.

कौन्सिलची सभा अकोल्यालाच भरली. मी प्रतिनिधी नव्हते, पण जेवणाची आणि राहण्याची व्यवस्था माझ्याकडे देण्यात आली. महिला मंडळाची कामं मी अशीच करत आलेय. शेजारच्या बाईंना बाबांजवळ ठेवलं आणि आम्ही एसटीनं गेलो. तो उन्हाळा विचारू नका. हॉलमध्ये कूलर गरम वाफ टाकत होते. मी मागच्या मांडवात भात, वरण, वांग्याची भाजी, मठ्ठा यांच्यामागे होते आणि हॉलच्या जाळीतून आत नुसते पाठीवर घामेजलेले पाळकांचे झगे दिसत होते. चिठ्ठ्या टाकल्या, मोजल्या. एकदा गाणं झालं, मग टाळ्या. टाळ्या कोणासाठी ते मला आचाऱ्याच्या माणसानं येऊन सांगितलं. "अकोल्याचे साहेब झाले," तो म्हणाला, आणि "तुमच्या साहेबांना बी बरी मतं पडली." त्या 'बरी'चीच मला भीती वाटली. थोडी मतं पडली असती तर विसरता आलं असतं.

जेवायला रांग लागली. सगळे नव्या बिशपांना पुढे करत होते, पण ते रांगेतून आले, ताट धरून. माझ्यासमोर थांबले.

"वहिनी, बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"ती दोरी आहे ना अजून?"

"आहे," मी म्हटलं. आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

त्यांनी मान हलवली, मठ्ठ्याचा ग्लास घेतला आणि पुढे गेले. मी तो प्रश्न अमरावतीला परत येईपर्यंत एसटीत उलटसुलट करून बघत होते. हे खिडकीला डोकं टेकून झोपले होते. किती तरी आठवड्यांनी ह्यांना नीट झोप लागलेली दिसत होती, आणि बाबांची प्रार्थना आठवून मला राग आला.

बदल्यांचा कागद पाऊस सुरू व्हायच्या सुमारास आला. ह्यांच्या नावापुढे मेळघाट नव्हता. अकोला होतं. नव्या बिशपांची रिकामी झालेली जागा.

आता ह्याचा अर्थ काय लावायचा, यावर सगळ्यांची मतं होती. कोणी म्हणे, मोठ्या मनाचा माणूस. कोणी म्हणे, तिथली कमिटी सगळी त्यांच्या हातची आहे, तुमच्या घरी कोणती भाजी शिजली तेही त्यांना कळेल. धामणगावचा तो फोन न उचलणारा आता फोन करून अभिनंदन करत होता. मला अर्थाशी देणंघेणं नव्हतं. ट्रक लागणार होता.

मी बाबांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "तठी चर्च घरापासून कुठी हाये, बाई?"

मी त्याच आवारात मोठ्या सभेचं जेवण सांभाळून आले होते. कोणत्या भांड्यात काय होतं ते सांगू शकले असते. घराचं दार आणि चर्चचं दार समोरासमोर आहे की आडवं, मधे पायरी आहे की नाही, मला आठवेना. मी म्हटलं, "जवळच आहे."  त्या दिवसापासून बाबा दोरीवरून चर्चला गेले की परतायला उशीर करू लागले, आणि शेवटच्या आठवड्यात एक दिवस गेलेच नाहीत.

निघायच्या दिवशी मी दोरी सगळ्यात शेवटी सोडली. गाठी कडक झाल्या होत्या, नखं मोडली. ती ट्रकात दिली नाही, माझ्या पिशवीत ठेवली. गाडीत बाबा माझ्या शेजारी होते. 

अकोल्याच्या आवारात मी उतरले आणि वऱ्हांड्याच्या खांबाकडे बघितलं. तिथे दोरी बांधलेली होती. नवी, पिवळी. पायरीपाशी एक गाठ. पुढे बदामाचं झाड, तिथे दोन. मग ती पाण्याच्या टाकीमागे, चर्चच्या दाराकडे, वळून गेली होती.

"जुन्या साहेबाच्या बाई बांधून गेल्या," आवाराचा चौकीदार म्हणाला. "म्हणे नव्या साहेबाचे बाबा येऊन राहिले, त्याईले लागते. जुने साहेब स्वतः टाकीपाशी उभे होते, इकून घे, तिकून घे करत."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी खांबापाशी उभी राहिले आणि पहिल्यांदा हेच मनात आलं की आमची दुखती जागा कोणती, हे त्या दोघांना नेमकं माहीत आहे. आज तिथे दोरी बांधली. आणखी काही वर्षांनी दुसरा कागद येईल, तेव्हा काय बांधतील, माहीत नाही. मी दोरीला अंगाचा भार देऊन ओढून बघितलं. खांब, झाड, कडी, तिन्ही ठिकाणी. मजबूत होती. उंची बाबांच्या हातापेक्षा जराशी जास्त होती, तेवढी मी उतरवून घेतली.

बाबांना खाट आत लावून दिली. दोरीचं सांगितलं. "कोनं बांधली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी चहा झाला तरी उठले नाहीत. "आज नाही, बाई." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मी पावडरचा डबा कोणत्या खोक्यात आहे ते शोधून ठेवला. ह्यांनी पहिल्या रविवारचा उपदेश लिहायला घेतला होता आणि पुन्हा पुन्हा खोडत होते. मी एकदा जाऊन नुसती मागे उभी राहिले. हे म्हणाले, "मोकळं लिहू का?" मी म्हटलं, "मला काय विचारता?" आणि मग म्हटलं, "लिहा."

त्या आठवड्यात एका सकाळी मी स्वयंपाकघरात डबे लावत होते. बाहेर वऱ्हांड्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी जागची हलले नाही. हाक मारली असती तर ते थांबले असते. खिडकीतून खांब दिसत होता, झाडापर्यंतची दोरी दिसत होती, आणि दोरीवर बाबांचा हात. पायरीच्या गाठीवर तो बराच वेळ थांबला. मग पुढे गेला. झाडाच्या दोन गाठी आल्या, आणि तिथून बाबा टाकीमागे दिसेनासे झाले.

मी दोरीकडे बघत उभी राहिले. ती हलत होती. मग थांबली. गॅसवर दूध होतं, ते वर यायला लागलं होतं. मी गॅस बंद केला नाही, दाराकडेही गेले नाही. दोरी स्थिर होती. टाकीमागे जमीन कशी आहे ते मी बघून ठेवलं होतं, फरशी आहे, सपाट आहे, एवढंच मनात म्हणत राहिले. दूध उतू गेलं, शेगडीवर सांडलं, जळल्याचा वास आला.

मग दोरी पुन्हा हलली.